दूध-पोळीवरचं मांजर किती वर्षं जगतं? आहार, काळजी आणि आयुष्याचा हिशोब

बोरगाव मेघेच्या आमच्या घरी बंड्या नावाचा बोका होता. पांढरा, शेपटीचं टोक तेवढं काळं. सकाळी दूध-पोळी, दुपारी दूध-भात आणि रविवारी मटणाची हाडं, हा त्याचा ठरलेला मेनू. रात्रभर तो गल्लीत असायचा आणि पहाटे कधी कान फाटलेला, कधी लंगडत घरी यायचा. चौथ्या वर्षी, मे महिन्यात, तो अंगणातल्या रेतीच्या ढिगावर सारखा जाऊन बसायला लागला. जोर लावायचा, ओरडायचा, तसाच परत यायचा. पोट साफ होत नसेल असं समजून आम्ही त्याला थोडं एरंडेल पाजलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कूलरखाली मरून पडलेला सापडला.

'त्याचं आयुष्यच तेवढं होतं,' असं आम्ही बरीच वर्षं म्हणत राहिलो. या विषयावर वाचायला घेतलं तेव्हा लक्षात आलं, की रेतीवर बसून जोर लावणं हे बद्धकोष्ठाचं नाही, तर लघवी तुंबल्याचंही लक्षण असू शकतं. बोक्यांमध्ये हा प्रकार नेहमी दिसतो आणि वेळेत दवाखान्यात नेलं तर बहुतेक बोके वाचतात.

मांजराच्या आयुष्यात नशिबाचा भाग असतोच. पण ते काय खातं, रात्री कुठे असतं, लस झाली आहे का आणि त्याचं दुखणं आपल्याला किती लवकर कळतं, यावरही त्याची वर्षं ठरतात. यातली कुठली गोष्ट किती महत्त्वाची आणि कुठल्या वयात, हे समजून घेऊ.

मांजर साधारण किती वर्षं जगतं?

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या जवळपास आठ हजार मृत मांजरांच्या दवाखान्यातल्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. जन्माच्या वेळी पाळीव मांजराचं सरासरी अपेक्षित आयुर्मान निघालं ११.७४ वर्षं. मांजरी बोक्यांपेक्षा सरासरी १.३३ वर्षं जास्त जगतात, असंही दिसलं. जातींमध्ये मोठा फरक होता. बर्मीज जातीचं आयुर्मान १४.४२ वर्षं, तर अंगावर केस नसलेल्या स्फिंक्स जातीचं फक्त ६.६८.

या अभ्यासात कमी आयुष्याशी तीन गोष्टींचा संबंध आढळला. नसबंदी न झालेली मांजरं, शुद्ध जातीची मांजरं आणि ज्यांचं वजन योग्य नाही अशी मांजरं कमी जगतात. जात आपण बदलू शकत नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

हे आकडे ब्रिटनचे आहेत. तिथले रस्ते, दवाखाने आणि हवामान वेगळं, त्यामुळे ते जसेच्या तसे वर्ध्याला लावता येणार नाहीत. पण मांजराचं शरीर सगळीकडे सारखंच असतं, म्हणून दिशा तरी कळते.

सरासरी सोडा, जास्तीत जास्त किती? गिनेस बुकातल्या नोंदीनुसार अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातली 'क्रीम पफ' नावाची मांजरी ३८ वर्षं आणि ३ दिवस जगली. तिचा जन्म १९६७ चा, मृत्यू २००५ चा. तिच्या खाण्यात अंडी, बेकन, ब्रोकोली आणि मलईची कॉफीसुद्धा असायची, अशा बातम्या तेव्हा आल्या. पण म्हणून आपल्या मांजराला कॉफी पाजायची नसते. गावात एखादे आजोबा विडी ओढत शंभरी गाठतात, म्हणून विडी आरोग्यदायी ठरत नाही, तसंच हे.

मांजराचं वय माणसाच्या हिशोबात मोजण्याची एक ढोबळ रीत आहे. पहिलं वर्ष म्हणजे माणसाची १५, दुसऱ्या वर्षाअखेर २४ आणि त्यापुढे दर वर्षाला ४. या हिशोबाने आमचा बंड्या गेला तेव्हा ३२ वर्षांचा होता.

पहिलं वर्ष: इथे खाण्यापेक्षा लस महत्त्वाची

पिल्लू आईपासून कधी वेगळं करायचं? निदान आठ आठवड्यांचं झाल्यावर. पहिले चार आठवडे आईचं दूध हेच पूर्ण अन्न. पुढचे चार आठवडे ते हळूहळू घट्ट खायला शिकतं आणि आईकडून मांजरपणही शिकतं. आई नसलेलं पिल्लू घरी आलं तर गाईचं दूध त्याला पुरत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं त्यापेक्षा बरीच जास्त असतात. अशा पिल्लासाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून द्यावी.

या वयातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य आजार. पिल्लू अचानक खाणं सोडतं, उलट्या-जुलाब होतात आणि दोन-चार दिवसांत दगावतं. 'काहीतरी विषारी खाल्लं असेल' असं म्हणून आपण विषय सोडून देतो. हा विषाणू चिवट आहे. घरात, जमिनीवर, अंथरुणात तो वर्षभरसुद्धा टिकू शकतो. म्हणून एक पिल्लू असं गेल्यावर लगेच त्याच घरात लस न झालेलं दुसरं पिल्लू आणलं, की तेही जाण्याची भीती असते.

यावर लस आहे. पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांच्या सर्दीचे दोन विषाणू अशा तिघांवर मिळून एकच लस असते. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस आणि त्यानंतर पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. पहिला डोस दिला आणि विसरलो, असं केलं तर उपयोग नाही. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण पिल्लाच्या शरीरात असेपर्यंत लसीचा परिणाम कमी होतो, म्हणूनच डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. याच काळात जंतांचं औषधही ठरलेल्या अंतराने द्यायचं असतं.

रेबीजची लस फक्त मांजरासाठी नाही, घरातल्या मुलांसाठीही आहे. मांजर चावलं किंवा बोचकारलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जायचं. हळद लावून थांबायचं नाही.

तरुणपण: मांजर रात्री कुठे असतं?

२०१५ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे चार हजार मांजरांच्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आत मेलेल्या मांजरांपैकी जवळपास निम्म्यांचं कारण होतं इजा. त्यात रस्त्यावरचे अपघात मोठ्या संख्येने होते. म्हणजे तरुण मांजराच्या बाबतीत 'काय खातं' यापेक्षा 'कुठे फिरतं' हा प्रश्न मोठा आहे.

बोका का भटकतो? माजावर आलेल्या मांजरीच्या शोधात आणि आपली हद्द राखण्यासाठी. त्या नादात तो रस्ते ओलांडतो, कुत्र्यांच्या तावडीत सापडतो आणि दुसऱ्या बोक्यांशी भांडतो. चाव्यातून फक्त गळू होत नाही, मांजरांमधला एड्ससारखा एक विषाणूही पसरतो. तो माणसाला होत नाही, पण मांजराची प्रतिकारशक्ती पोखरतो.

यावर सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे नसबंदी. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात ती करता येते. बोक्याचं भटकणं आणि भांडणं कमी होतं. मांजरीसाठी तर फायदा आणखी मोठा आहे. सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्के कमी असल्याचं एका अमेरिकन अभ्यासात २००५ मध्ये दिसलं. 'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग करू' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मांजरीच्या तब्येतीसाठी त्याची काही गरज नसते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. नसबंदीनंतर मांजराची उष्मांकांची गरज कमी होते आणि भूक वाढते. खाणं मोजून दिलं नाही तर वर्षभरात मांजर गोल गरगरीत होतं.

दिवसभर घरात कोंडणं आपल्या अंगणाच्या घरांमध्ये सगळ्यांना जमणार नाही. निदान संध्याकाळ झाली की मांजराला आत घ्या. रोज त्याच वेळी जेवण दिलं तर ते स्वतःहून घरी येतं. फ्लॅटमध्ये असाल तर खिडकी आणि गॅलरीला जाळी हवीच. मांजर कितीही उंचावरून पडलं तरी त्याला काही होत नाही, हा गैरसमज आहे.

दूध-पोळी का पुरत नाही?

'मांजर डोळे मिटून दूध पितं' ही म्हण इतकी अंगवळणी पडली आहे, की मांजराचं अन्न म्हणजे दूध हे आपण धरूनच चालतो. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. ती पचवणारं पाचकद्रव्य पिल्लू मोठं होताना कमी होत जातं. दूध प्यायल्यावर जुलाब, गॅस होतात ते त्यामुळे. चमचाभर दुधाने काही बिघडत नाही, पण ते जेवण नाही.

पोळी आणि भाताचा प्रश्न वेगळा आहे. कुत्रा माणसासोबत राहून बऱ्यापैकी मिश्राहारी झाला. मांजर मात्र पक्कं मांसाहारीच राहिलं. त्याला गोडाची चवसुद्धा कळत नाही. गोड चव ओळखणारं एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे, हे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इथल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. पेढा खाणारं मांजर तुम्ही पाहिलं असेल, तर त्याला त्यातली साखर नाही, खव्यातलं स्निग्ध आवडत असणार.

मांजराला काही पोषकद्रव्यं थेट मांसातूनच मिळवावी लागतात. गाजरातल्या रंगद्रव्यापासून माणूस 'अ' जीवनसत्त्व तयार करतो, मांजर करू शकत नाही. सगळ्यात महत्त्वाचं द्रव्य म्हणजे टॉरिन. मांजराचं शरीर ते गरजेपुरतं बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये कळलं होतं. पण हृदयाशी असलेला संबंध कळायला १९८७ साल उजाडलं.

त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध केला. हृदय फुगून कमजोर होण्याचा एक आजार तेव्हा मांजरांमध्ये नेहमी आढळायचा आणि त्यात मांजर हमखास दगावायचं. या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असल्याचं या संशोधकांना दिसलं. टॉरिन दिल्यावर हृदय सुधारू लागलं. धक्का देणारी गोष्ट म्हणजे ही मांजरं बाजारातलं तयार खाद्य खात होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं आणि तो आजार दुर्मिळ झाला. आहारातल्या एका घटकाने मांजरांचं आयुष्य बदलल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

वनस्पतींमध्ये टॉरिन जवळजवळ नसतंच. म्हणजे दूध-पोळीवर 'दिसायला ठीक' असलेलं मांजर बहुधा बाहेर उंदीर, पाली, चिमण्या मारून आपली कमतरता भरून काढत असतं. तेच मांजर फ्लॅटमध्ये बंद केलं आणि ताटात दूध-पोळीच ठेवली, तर महिनोन् महिने काही दिसत नाही आणि मग एक दिवस डोळे किंवा हृदय दगा देतं.

मग नुसतं चिकन दिलं तर?

तेही पुरत नाही. मांजर उंदीर खातं तेव्हा मांसासोबत हाडं, काळीज, यकृत सगळं खातं. आपण फक्त उकडलेलं चिकन देतो, त्यात कॅल्शियम नसल्यात जमा. वाढत्या पिल्लाला महिनोन् महिने तेच दिलं तर हाडं इतकी कच्ची राहतात, की छोट्या उडीनेही मोडतात.

कलेजीचंही तसंच. आठवड्यातून एखादा तुकडा चांगला. रोज भरपूर कलेजी दिली तर 'अ' जीवनसत्त्व शरीरात साठून मानेची हाडं एकमेकांना जुळतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. सुकट, बोंबील मांजराला जीव की प्राण, पण त्यात मीठ भरपूर असतं.

आणि रविवारचा सावजी रस्सा? त्यातलं तिखट हा छोटा प्रश्न, मोठा प्रश्न कांदा-लसणाचा. कांदा आणि लसूण मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला किंवा पावडर, कुठल्याही रूपात. शिजलेली हाडं ठिसूळ होतात, तुकडे घशात नाहीतर आतड्यात अडकतात. बंड्याला आम्ही दर रविवारी हेच प्रेमाने देत होतो.

सोपा मार्ग म्हणजे पाकिटावर 'संपूर्ण आणि संतुलित आहार' असं लिहिलेलं, वयानुसारचं मांजराचं खाद्य हा आहाराचा पाया ठेवायचा. कुत्र्याचं खाद्य मांजराला चालत नाही. सोबत मीठ-मसाला-कांदा न घालता शिजवलेलं चिकन किंवा मासे थोडे द्यायचे. शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकायचं नाही, कोमट करून त्यातच द्यायचं. सगळं घरीच करायचं असेल तर पूरक घटक किती घालायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० उष्मांक पुरतात. वाटी कायम भरून ठेवण्यापेक्षा मोजून तीन-चार वेळा दिलेलं बरं.

शाकाहारी घरात काय करायचं, हा प्रश्न अनेकजण विचारतात. मांस घरात शिजवायचं नसेल तर तयार खाद्याची पाकिटं हा मधला मार्ग आहे. प्रयोगशाळेत बनवलेलं टॉरिन घालून वनस्पतीजन्य खाद्यही काही देशांत विकलं जातं, पण ते नेमकं मोजून बनवावं लागतं. वरण-भात, पनीर आणि दही म्हणजे ते नव्हे.

कच्चं मांस 'नैसर्गिक' म्हणून चांगलं का?

याचं उत्तर द्यायला फार लांब जायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा इथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावर एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूची लागण झाल्याचं निष्पन्न झालं. खाद्यातून लागण झाली असावी, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. वाघ, बिबट्या आणि आपली मनी एकाच कुळातले. पुढच्याच महिन्यात, नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा इथे पाळीव मांजरांमध्येही हाच विषाणू सापडला.

अमेरिकेत २०२४ मध्ये टेक्सासमधल्या दुग्धशाळांवर आजारी गाईंचं कच्चं दूध प्यायलेली मांजरं दगावली. त्याच वर्षाअखेर ओरेगन राज्यात कच्च्या गोठवलेल्या खाद्यामुळे एका घरातल्या मांजराचा मृत्यू झाला.

म्हणून चिकनच्या दुकानातून आणलेले पाय, मुंडकी, पोटा कच्चे देऊ नका. नीट शिजवल्यावर हा विषाणू मरतो. दूध द्यायचंच असेल तर उकळलेलं आणि थोडंच.

कच्च्या आहाराचे समर्थक एक जुना प्रयोग सांगतात. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस पॉटेंजर या डॉक्टरांना कच्चं मांस खाणारी मांजरं शिजवलेलं खाणाऱ्यांपेक्षा निरोगी आढळली होती. पण तेव्हा टॉरिनचं महत्त्व कोणालाच माहीत नव्हतं. शिजवताना टॉरिन घटलं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण आज मानलं जातं. म्हणजे त्यातून घ्यायचा धडा 'कच्चं द्या' हा नाही, 'टॉरिन कमी पडू देऊ नका' हा आहे.

पाणी: विदर्भातल्या उन्हाळ्यात सगळ्यात स्वस्त औषध

पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशातली रानमांजरं. शिकारीच्या अंगातल्या पाण्यावर भागवायची त्यांची सवय. उंदराच्या शरीरात साधारण ७० टक्के पाणी असतं. कोरड्या खाद्यात ते जेमतेम १० टक्के. पण मांजराची तहान काही तेवढी वाढत नाही. परिणामी लघवी घट्ट होते, त्यात खडे किंवा चिकट गोळा तयार होऊ शकतो. बोक्याची मूत्रनळी अरुंद असल्यामुळे ती तिथे अडते. अशात वर्ध्याचा मे महिना, पारा ४५ अंशांच्या आसपास!

लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत शरीरात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. म्हणून ही लक्षणं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवीत. सारखं रेतीत किंवा बाथरूममध्ये बसणं, जोर लावणं, ओरडणं, लघवीची जागा चाटत राहणं, एखादा थेंब किंवा काहीच न होणं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसायचं नाही. सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा.

हे टाळायला काय करता येतं? घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांड्यात पाणी ठेवा, जेवणाच्या वाटीपासून जरा दूर. रोज बदला. ओलं खाद्य किंवा चिकनचं पाणी वाढवा. दुपारी मांजराला सावलीची, कूलरच्या झोतातली जागा द्या. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो ते नेहमीचं. मांजर तशा धापा टाकत असेल तर ते संकटात आहे.

म्हाताऱ्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा आजार फार आढळतो. तो का, याचं एक स्पष्टीकरण टोकियो विद्यापीठातले तोरू मियाझाकी यांनी २०१६ मध्ये मांडलं. मूत्रपिंडात साचलेला मृत पेशींचा कचरा साफ करायला मदत करणारं एक प्रथिन मांजराच्या रक्तात असतं, पण ते दुसऱ्या एका प्रथिनाला इतकं घट्ट चिकटलेलं असतं, की गरजेच्या वेळी सुटून कामाला लागत नाही. त्यावरच्या औषधासाठी जपानमधल्या मांजरप्रेमींनी २०२१ मध्ये मोठ्या देणग्या दिल्या. ते औषध आपल्या घरी येईपर्यंत आपल्या हातात आहे ते पाणी आणि वेळेवर तपासणी.

म्हातारपण: वजनकाटा हाच डॉक्टर

साधारण सात वर्षांपासून मांजर प्रौढ आणि दहानंतर ज्येष्ठ धरलं जातं. मांजर दुखणं लपवतं. खाणं थोडं कमी, उडी मारणं थोडं कमी, अंग चाटणं थोडं कमी, एवढंच दिसतं. 'म्हातारं झालं' म्हणून आपण सोडून देतो. बऱ्याचदा मागे दातदुखी, सांधेदुखी, मधुमेह, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा आजार असतो. यातल्या अनेक गोष्टींवर उपचार आहेत.

महिन्यातून एकदा वजन करा. मांजराला पिशवीत घेऊन किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं तरी चालेल. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन उतरणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो उतरणं. दहा वर्षांनंतर सहा महिन्यांनी एकदा तपासणी आणि रक्त-लघवीची चाचणी करून घ्यावी. उलट बाजूने, हात फिरवल्यावर बरगड्या लागत नसतील तर मांजर लठ्ठ आहे. लठ्ठपणातून मधुमेह येतो. पण वजन उतरवण्यासाठी मांजराला उपास घडवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं.

खास आहाराने म्हाताऱ्या मांजराचं आयुष्य वाढतं का? एका मोठ्या खाद्य कंपनीच्या संशोधकांनी ७ ते १७ वर्षांच्या ९० मांजरांवर काही वर्षं प्रयोग केला. विशिष्ट जीवनसत्त्वं, तेलं आणि तंतुमय घटक घातलेलं खाद्य खाणारी मांजरं साध्या खाद्यावरच्या मांजरांपेक्षा सरासरी सुमारे वर्षभर जास्त जगली. निष्कर्ष आशादायक आहे, पण प्रयोग खाद्य विकणाऱ्यांनीच केला आहे आणि मांजरं थोडी आहेत, हेही विसरू नये.

घरातल्या कुठल्या वस्तू जीवघेण्या आहेत?

- पॅरासिटामॉल: माणसाची तापाची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ती निष्प्रभ करण्याची यकृतातली यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. मांजराला ताप आला म्हणून मुलांचं औषध पाजू नका.
- काळं फिनाईल: मांजर त्यावरून चालतं आणि मग पंजे चाटतं.
- कुत्र्यांचं गोचिडाचं औषध: त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं.
- लिलीची फुलं: पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मूत्रपिंड निकामी करू शकतं.
- उंदराचं औषध: थेट खाल्लं तरी आणि विष खाल्लेला उंदीर खाल्ला तरीही धोका.

पैसे मोजके असतील तर आधी काय करायचं?

महागड्या पाकिटाची जाहिरात बघून 'आपल्याला मांजर पाळणं परवडणार नाही' असं वाटू शकतं. पण मांजराची बरीचशी वर्षं महागड्या गोष्टींनी वाढत नाहीत. क्रम असा ठेवा: आधी लस, मग नसबंदी, मग रात्री घरात, मग भरपूर पाणी, मग रोज थोडं का होईना शिजवलेलं मांस किंवा संतुलित खाद्य. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी नसतो, मांजरही नेता येतं. अवघड आजारासाठी वर्ध्यापासून साधारण ७५ किलोमीटरवर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच्या डॉक्टरांचा नंबर आणि मांजर न्यायला झाकणाची टोपली, या दोन गोष्टी मांजर आजारी पडण्याआधी तयार हव्यात.

आमच्या घरी आता मनी आहे, पाच वर्षांची. तिची नसबंदी झाली आहे आणि लसींच्या तारखा कॅलेंडरवर लिहिलेल्या असतात, गॅस सिलिंडरच्या तारखेच्या शेजारी. आई अजूनही सकाळी तिला चमचाभर दूध देते, सवय सुटत नाही म्हणून. पण कूलरजवळ पाण्याची दोन भांडी असतात आणि मनी रेतीकडे जरा जास्त वेळा गेली, की घरातलं कोणीतरी उठून बघून येतं.